टेकडीवरून न आलेलं उत्तर

१२ मार्च

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. अँटेनाच्या दांड्याचे चार तुकडे, तारेचं वेटोळं, केबल आणि बॅटरी. सोडवायला पंच्याऐंशी पडले. हमाली भरली असं तुम्ही कळवलं होतंत, पण हमालाला ते कोणी कळवलेलं दिसत नाही. असू दे. ह्यांचा टेकडीवर न्यायचा लहान सेट त्यात नव्हता, सावकाश पाठवा.

आता खरं लिहायचं ते. रविवारी ठरल्याप्रमाणे नऊ वाजता प्रार्थना करून मी घरच्या सेटपुढे बसले. दरवर्षी स्पर्धेला टेकडीवर उभारणी झाली की हे पहिली हाक घरी मारायचे, आणि मी इथे नुसती ऐकायची. हॅम रेडिओचा परवाना नसलेल्याने बोलायचं नसतं. बावीस वर्षं ऐकलं. हे गेल्यावर पन्नाशी उलटून परीक्षा दिली, ती टेकडीला एकदा तरी उत्तर द्यायचं म्हणून. यंदा ह्यांचंच सामान घेऊन तिथे तुम्ही होतात.

तुमचा आवाज खणखणीत येत होता. लांबलांबच्या माणसांना उत्तरं देत होतात. साडेअकरापर्यंत मी एक्केचाळीस वेळा परवान्याबरोबर मिळालेली माझी कॉलसाइन सांगितली, तीही तुम्ही थांबल्यावरच, मध्ये तोंड घातलं नाही. एकदाही उत्तर आलं नाही. सेटमध्ये दोष असेल तर दुरुस्तीला टाकते, मोकळेपणी लिहा. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे?

माया आहे ती राहू द्या.
तुमची वहिनी

१९ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. देवाशपथ सांगतो, तुमचा आवाज आमच्यापर्यंत पोचलाच नाही, नुसती खरखर. दोष सेटचा नाही, तारेचा. दादाने ती गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत ताणलीय, जेमतेम दोन पुरुष उंच. एवढ्या बुटक्या तारेतून काय जाणार? आम्ही चौघं घाम गाळून दांडा उभा करतो तो काय हौस म्हणून?

क्लबात तुमचं कौतुकच आहे. अध्यक्ष म्हणाले, या वयात पास होणं ही काही चेष्टा नाही. पण वहिनी, पास होणं वेगळं आणि स्पर्धेच्या गर्दीत बोलणं वेगळं. तिथे जितक्यांशी बोलू तितके गुण, एकेकाला अर्धं मिनिट मिळतं. घरचा सेट धूळ खात पडण्यापेक्षा क्लबाला द्यावा असं त्यांच्या मनात आहे. मी शब्द टाकलाय, किंमत चांगली येईल. लहान सेट सध्या माझ्याकडेच बरा. हिचा गुडघा ठीक.

रागावू नये, आपलं मानावं.
तुमचा धाकटा दीर

३० मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी गच्चीवर गेले आणि तारेकडे बघत उभी राहिले. तुमचंच खरं वाटलं. खाली येऊन सेटवर चादर टाकली आणि क्लबाला होकार लिहायला बसले. अर्धं पत्र झालं होतं, तेवढ्यात पोस्टमनने एक कार्ड आणून दिलं.

पाठवणारे ऐंशी किलोमीटरवरचे एक म्हातारे घड्याळजी आहेत. त्यांना बोलायचा परवाना नाही. नुसते ऐकतात, आणि ज्याला ऐकलं त्याला परवान्याच्या यादीतून पत्ता काढून, वेळ टाकून कार्ड पाठवतात. तुमच्याच छंदातली रीत आहे, तुम्हाला मी काय सांगू. कार्डावर माझी कॉलसाइन आहे, नऊ वाजून चार मिनिटं ही वेळ आहे, आणि आवाज स्वच्छ, शब्दन्‌शब्द कळला असा शेरा आहे.

मागे बारीक अक्षरात आणखी आहे. दहा पस्तीसला टेकडीवाल्याने शेजारच्या टेकडीवर सेट लावून बसलेल्या तुमच्या क्लबाच्या अध्यक्षांना बोलण्यासाठी बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं की ती बाई कधीची हाका मारतेय, उत्तर का देत नाही. टेकडीवाल्याने सांगितलं की ती आमची वहिनी. एकदा ओ दिली की जेवलात का विचारत बसेल आणि आपले गुण जातील. कोणी बोलू नका, दमून आपोआप गप्प होईल. मग दोघं हसले. घड्याळजींनी माझी माफी मागितलीय. परक्याच्या घरातलं कानावर पडल्यासारखं झालं, पण बाईंनी आपला सेट बिघडला असं समजू नये म्हणून लिहिलं, असं म्हणतात.

भाऊजी, न बोलता ऐकणारंही कोणी असतं, हे तुम्ही विसरलात. मी बावीस वर्षं तेच केलं, म्हणून मला आश्चर्य वाटलं नाही.

तारेचंही सांगते. ती ह्यांनी मुद्दाम बुटकी ठेवली. बुटक्या तारेतून आवाज सरळ वर जातो आणि जवळपासच्या गावांवर उतरतो. टेकडीशी बोलायला तीच बरी. हा प्रश्न परीक्षेला होता. तुमच्या वेळी नसेल.

आणि जेवलात का, हे मी विचारलंच असतं. तेवढं तुम्ही बरोबर ओळखलंत. पहाटेपासून रिकाम्या पोटी तुम्ही तिथे खपता. ह्यांनाही मी दरवर्षी मनातल्या मनात तेच विचारायची. तोंडाने एकदा विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

घरचा सेट विकायचा नाही. लहान सेट आठ दिवसांत इथे यावा. आशीर्वाद वर लिहिला नाही, तो विसरले म्हणून नव्हे.

कार्ड मी कोणाला दाखवणार नाही, अध्यक्षांना काही लिहिणार नाही. पण परक्या माणसाने जे न मागता कळवलं, ते मला घरच्या माणसाच्या अक्षरात हवं आहे. त्या रविवारी मी तुम्हाला ऐकू आले होते की नव्हते, एवढी एकच ओळ उलट टपाली कळवावी.

वहिनी