न बोलावता चिंच ओलांडायची न्हाय

वरचा पाडा, दिघाशी
४ नोव्हेंबर २०२४

किशनला सखीताईचा आशीर्वाद.

तू बरा असशील, मनिषा आणि पोरं मजेत असतील. गोडाऊनची ड्युटी सध्या रात्रीची हाय का दिवसाची, ते काय तू कळवत न्हाईस. आमचं बरं हाय. शैलेश उद्या काल्हेरला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच आवाज चढवतोस. कागदावर तोंड घालता येणार न्हाय. गुमान वाच.

भात कापून झालं. यंदा दाणा चांगला भरला होता. होता म्हणते, कारण गेल्या बुधवारी खळ्यावर आग लागली. घाबरू नको, माणसं सगळी धड हायत. विजेच्या तारेची ठिणगी पडली नि भारे पेटले. बापये सगळे कामावर गेलेले, पाड्यात आम्ही बायका नि म्हातारे. हंडे उचलून उचलून हात गळून गेले.

आणि दोन पाड्यांच्या मधल्या चिंचेखाली अख्खा खालचा पाडा उभा. भरलेले हंडे घेऊन. एक पाऊल पुढे टाकतील तर शपथ! मी ओरडले, "अरे, बघताय काय?" तर नवशाकाका शांतपणे म्हणाला, "न बोलावता चिंच ओलांडायची न्हाय, असं ठरलंय ना, बाय?"

ठरलंय. तूच ठरवलंस. गेल्या साली बंधाऱ्याच्या पाण्यावरून त्यांच्याशी मारामारी झाली, बंधारा त्यांनीच फोडला होता, हे मी आजही म्हणते. आपण जिंकलो, बरंच झालं. पण समेटाला बसलास तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाण्याचं काय ते ठरवायचं सोडून त्यांना चिंचेपलीकडे हाकललंस. वर नवशाकाकाला बायकापोरांसमोर, गावदेवापुढे, तारपा जमिनीवर ठेवायला लावलास. तारपा फुंकून दोन्ही पाड्यांना आयुष्यभर नाचवलेला माणूस तो! आणि त्याचा तारपा तू घरी नेऊन खुंटीला टांगलास.

मी "या" म्हटलं, मग मात्र धावत आले. निम्मं भात वाचलं ते त्यांच्यामुळे. तुझे भारे गेले. आग विझल्यावर आमच्या हातचं घोटभर पाणीसुद्धा न पिता परत गेले.

मला आला राग. दुसऱ्या दिवशी भांडायलाच खाली गेले. भांडण राहिलं बाजूला. अंगणात पोरं समेटाचा खेळ खेळत होती. एक पोरगं नवशाकाका होऊन काठी जमिनीवर ठेवत होतं. किशन व्हायला कुणी तयार न्हाय, म्हणून सगळ्यात बारक्याला किशन केला होता, आणि काठी ठेवली की सगळी मिळून त्याला बडवत होती. खोटं खोटं न्हाय, चांगलं बडवत होती. ही पोरं मोठी होणार हायत रे.

आता खरं सांगते. तुला न विचारता मी तुझ्या घराचं कुलूप काढलं. तारपा पुसला आणि नवशाकाकाकडे नेला. त्यानं हात लावला न्हाय. म्हणाला, "तुझ्यावर राग न्हाय, बाय. ज्यानं ठेवायला लावला, त्यानं उचलून द्यावा."

रविवारी गावदेवापुढे नाच हाय. मी दोन्ही पाड्यांना आवतण देऊन आले. चिंचेची अट मी मोडली, काय ओरडायचं ते घरी येऊन ओरड. आपल्या बायका माझ्या बाजूनं हायत, म्हातारेही वळतील, न वळून जातात कुठं? तारपा मी देवापुढे नेऊन ठेवीन, पण तो उचलणं माझ्या हातात न्हाय. तू तापट हायस, वाईट न्हायस, हे मला कुणी शिकवायला नको. तू येशील.

आलास तर जेवण माझ्याकडे. न्हाय आलास, तर तारपा देवापुढे जमिनीवरच राहील, आम्ही दोन्ही पाडे भोवती मुक्यानं उभे राहू, आणि पोरांनी विचारलं की तुझं नाव मीच सांगेन.

तुझी वाट बघणारी, पण तुझी बाजू न घेणारी,
सखीताई