मोरिवलीची हिरवी मुनिया

अंबरनाथ, शिवमंदिराजवळ
६ डिसेंबर १९८७

चि. सौ. कुंदास,
दादाचे अ. उ. आ.

सांगण्यासारखं काही हातात आल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. आता आलं आहे. बदलापूरचे विष्णुपंत, निवृत्त प्राध्यापक, आपल्या भागातल्या पक्ष्यांचं पुस्तक काढताहेत. त्यातली बत्तीसच्या बत्तीस चित्रं माझी. कलाशाळेत शिकलेला एक गृहस्थ त्यांच्याकडे खेपा घालत होता. त्याने खंड्याची पुढची बोटं सुटी काढली होती. ती बुडाशी जोडलेली असतात, हे मी त्याच्या तोंडावर दाखवून दिलं. टूलरूममधला फिटर आपल्याला शिकवतोय म्हणून तो हसला. विष्णुपंत हसले नाहीत.

मुखपृष्ठावर हिरवी मुनिया येणार. हा पक्षी राजस्थान, मध्य प्रदेशाकडचा. विष्णुपंत म्हणतात, आपल्या भागात त्याची नोंद त्यांच्या वाचनात नाही. मला तो मोरिवलीत, आमच्या कारखान्यामागच्या गवतात, ठिपकेवाल्या मुनियांच्या थव्यात दिसला. २२, २३, २४ नोव्हेंबर, तीन सकाळी, पहिल्या पाळीच्या आधी. अंतर अठरा पावलं. पंख उचलून पिसं साफ करत होता, तसाच काढला. चोच लाल हवी ती काळसर होती, म्हणजे पिल्लू असणार.

सोबत त्याच मापाची नक्कल पाठवली आहे. हरिचंद्ररावांना सांग, जगात रेल्वेच्या वेळापत्रकाहून अचूक वस्तूही असतात. तुझी वहिनी म्हणते, पुस्तक निघालं की भिंतीवर कोळशाने काढलेले तुमचे कावळे पुसू द्या. मी अजून हो म्हटलेलं नाही.

लोभ आहेच, पुस्तक येईपर्यंत थोडा वाढवून ठेव.
दिनानाथ

भुसावळ
१४ डिसेंबर १९८७

ती. दादास,
कुंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी जेवताना मोठ्याने वाचलं. वेळापत्रकाचं वाक्य दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसताना घास अडकला. शाळा बुडवून सुगरणीची घरटी मोजत हिंडायचास आणि आबांच्या हातचा मार खायचास, ते आठवून मला रडू आलं. आबा आज हवे होते.

आता जे लिहिते आहे ते लिहू की नको, असा तीन दिवस विचार केला. मागच्या वर्षी इथल्या जत्रेत आमच्या वृंदाने हट्ट करून एक हिरवी मुनिया घेतली. घरी आल्यावर तिला वाडग्यात पाणी ठेवलं. ती अंघोळीला उतरली आणि पाणी हिरवं झालं. दुपारपर्यंत पोटावर तपकिरी खवले दिसायला लागले. साधी मुनिया होती, रंगवलेली. वृंदाने तिला हातात धरून पंख उघडला, तर आत रंग पोचलाच नव्हता.

दादा, तुझ्या चित्रात उचललेल्या पंखाखाली तपकिरी आहे. पोटावरही हिरव्यातून खवले दिसताहेत. मी शिकलेली नाही, मला पक्ष्यांतलं कळत नाही. पण तू काढतोस ते असतंच, म्हणून मला भीती वाटते. चूक असेल तर मला वेडी म्हण आणि पत्र फाडून टाक.

वहिनीला नमस्कार. तुझा राग मला चालतो, अबोला चालत नाही.
तुझी कुंदा

अंबरनाथ
१९ डिसेंबर १९८७

सौ. कुंदास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. फाडलं नाही, कारण ते जपून ठेवण्यासारखं आहे. सव्वीस वर्षं मी पक्षी बघतो आहे आणि जत्रेतल्या पिंजऱ्यावरून मला शिकवणी मिळते आहे.

पिल्लाच्या पिसांत जुना रंग राहतो. खवले म्हणशील तर गवताची सावली. उत्तरं माझ्याकडे आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. हा संशय तू आणखी कुणाकुणाला सांगितलास? पुस्तक १० जानेवारीला छापायला जातं. मुखपृष्ठाची जाहिरात विष्णुपंतांनी करून ठेवली आहे. फिटरला रंगवलेला पक्षी ओळखता आला नाही, एवढं एक वाक्य त्या कलाशाळेवाल्याच्या कानावर गेलं, की मुखपृष्ठासकट उरलेली एकतीसही परत येतील. मग मी पुन्हा कारखान्याच्या फाटकावर ‘धूम्रपान मनाई’ रंगवायचं.

ह्या विषयावर आता पत्र नको.
दिनानाथ

भुसावळ
२३ डिसेंबर १९८७

ती. दादास,
सा. न.

कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. ह्यांनाही बजावलं आहे. ‘आता पत्र नको’ हे तुझं वाक्य मोडते आहे, ते हे शेवटचं.

कारखान्यात एक भोक पाडायचं तर तू तीनदा मायक्रोमीटर लावतोस, असं तूच सांगतोस. सावलीचं म्हणशील, तर तुझ्या चित्रात गवत पक्ष्याच्या मागे आहे. मला उत्तर देऊ नकोस. उल्हासनगर तुझ्यापासून एक स्टेशन. तिथे पाखरं विकणाऱ्याला विचार.

वहिनीला खोकल्याचा काढा पाठवला आहे. तो तरी मुकाट्याने घ्या.
कुंदा

अंबरनाथ
३ जानेवारी १९८८

चि. सौ. कुंदास,
दादाचे अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रात राहिलेले धरून.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे.

गेल्या रविवारी उल्हासनगरला गेलो. बाजाराच्या मागे महिपती नावाचा पाखरंवाला बसतो. हिरवी मुनिया आहे का म्हटल्यावर त्याने विचारलं, साहेब, असली पाहिजे की कलरवाली? असली मिळत नाही, कलरवाली लगेच बनवून देतो. आणि दिली बनवून, माझ्यासमोर. पक्षी मुठीत धरायचा, पंख मिटलेले, आणि कापडाच्या रंगात मानेपर्यंत बुडवायचा. डोक्यावर रंगाची चिंधी फिरवायची. मूठ मिटलेली असते म्हणून पंखाखाली रंग जात नाही. चोचीला रंग धरत नाही. दिवाळीनंतर मोरिवलीत फेरीला गेलो होतो, सायकल पडली, नऊ कलरवाल्या उडाल्या, असंही तो सांगून गेला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने मला पाणी दिलं.

तिथून तसाच बदलापूरला गेलो. विष्णुपंतांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, अहो, हिरवी मुनिया देशात आहे ना? मग चोच लाल करा, पंखाखालचा तपकिरी झाका, खवले पुसा. पुस्तकात पक्षी शास्त्राप्रमाणे दिसला म्हणजे झालं, मोरिवलीत विचारायला कोण जातंय. मी चित्र घेऊन घरी आलो.

काल दुपारी लाल रंग कालवला. ब्रश चोचीपर्यंत नेला. तुझी वहिनी दारात उभी होती. हात पुढे गेला नाही. ती चोच काळी होती, कुंदा. अठरा पावलांवरून मी ती तीन दिवस बघितली. पंखाखाली तपकिरी होतं. डोळ्यांनी सगळं बरोबर पाहिलं, हाताने सगळं बरोबर काढलं, आणि मग मी घाईघाईने त्याला मोठं नाव दिलं. बरोबर काढलेलं बिघडवून चुकीचं नाव खरं करायचं, हे मला जमेना. ब्रश धुतला.

आज सकाळी विष्णुपंतांना तसं सांगून आलो. आता मात्र ते रागावले. मुखपृष्ठ त्या कलाशाळेवाल्याकडे गेलं. तो खंड्या काढणार आहे. माझी एकतीस चित्रं आत राहताहेत, कारण आठवडाभरात दुसरी आणणार कुठून, असं ते म्हणाले. स्तुती नव्हे, पण मी घेतली. निघताना खंड्याच्या बोटांची आठवण मीच त्यांना करून दिली.

वहिनीचा खोकला उतरला. रागाने लिहिलेलं माझं पत्र चुलीत घाल, लोभ तेवढा बाहेर ठेव.

मूळ चित्र ह्याच लखोट्यात आहे. तुझ्याकडची नक्कल काढून टाक आणि हे लाव. खालचं नाव खोडून बरोबर लिहिलं आहे: ठिपकेवाली मुनिया, माणसाने रंगवलेली. मोरिवली, २२ नोव्हेंबर १९८७. चित्रातली एकही रेघ बदललेली नाही.

तुझा
दादा