सोजरामामीच्या ओटीतली हळद

ती. शेषरावमामांना हट्ट्याहून भाचा विजयकुमारचा साष्टांग दंडवत.

पायाचं प्लास्टर कधी निघणार? डिश सरळ करायला पत्र्यावर चढायचं तुमचं वय राहिलं नाही, असं आई म्हणते. (मी फक्त निरोप्या.) सोजरामामी बरी आहे ना? स्वयंपाक नेहमीसारखाच करते ना, म्हणजे हळद वगैरे घालून? (सहज विचारलं.)

आमच्या धाकट्या रुद्रच्या हळदीला मामी आली आणि ओटी भरून घेऊन, तुमच्या काळजीनं, संध्याकाळच्या गाडीनंच कनेरगावला परतली. फोनवर आईनं तुम्हाला "सगळं छान झालं" एवढंच सांगितलं. ते खोटं नाही, पण आधी थोडं शास्त्र ऐका. हळदीला बी सहसा धरत नाही. नवा वाण काढायचा तर हजारो झाडांतून एखादं वेगळं झाड हेरायचं, त्याचेच गड्डे जपायचे आणि पुन्हा लावायचे. (शेतकीची पदवी घेऊन हा वाफ्यात उकिडवा बसून काय करतो, असं तुम्ही विचारता ना, तर हेच.) यंदा असं एक झाड सापडलं. गड्डा मोडला की आत नुसतं केशर, आणि वास असा की म्हैस शिंकली. विद्यापीठातले मोठे साहेब लागवडीच्या दिवशी स्वतः बेणं बघायला येणार आहेत. पडवीत उंदीर, माळ्यावर वाळवी, म्हणून मी ते गड्डे देवघरात देवांच्या मागे ठेवले. लग्नघरात देवापाशी ठेवलेली हळद टिकत नसते, हे मला पदवीला कुणी शिकवलं नाही.

मी धावत पोचलो तेव्हा पाच सवाष्णींनी उखळ रिकामं केलं होतं आणि रुद्र पाटावर पिवळाधमक बसला होता. "आई, काहून घेतली ही हळद?" तर म्हणे, "काहून म्हंजे? माह्या हक्काची हाय! पोराला बाजारची लावू व्हय?" (हक्क कुठून आला ते शेवटी लिहितो.) मला खरोखर रडू आलं. धाकट्याचं लग्न आपल्याआधी होतंय म्हणून रडतोय, असं समजून बायकांनी मला लाडू दिला.

पुढची गंमत अशी की रंग उतरेना. बेसन झालं, दही झालं, शेवटी भांड्याचा साबण झाला; रुद्र उलट उजळला. दुसऱ्या दिवशी औंढ्याला मांडवात नवरीच्या आत्यानं, चंदाबाईनं, त्याला पाहिलं आणि गरजली, "या पोराला कावीळ हाय! आमी पोरगी देत न्हाई!" झालं. कुणी त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या, कुणी नखं दाबली, अंतरपाटवाले अंतरपाट गुंडाळून जेवणाच्या पंगतीकडे निघाले. मी माइक घेऊन हळदीतल्या रंगाचं, म्हणजे कुरकुमीनचं, प्रमाण समजावलं. (लोकांना ते रोगाचं नाव वाटलं.) रुद्रचा चेहरा पाहवत नव्हता, म्हणजे जेवढा रंगाखाली दिसत होता तेवढा.

तेवढ्यात आतून नवरी, प्रतिक्षा, स्वतःच बाहेर आली. रुद्रची उष्टी हळद तिलाच लागलेली, तेव्हा तीही तितकीच पिवळी. "मला बी तीच कावीळ हाय," ती म्हणाली, "लावा लग्न!" चंदाबाई "साथ आली गं बाई" म्हणून कपाळावर हात मारायला गेली आणि तिला स्वतःचेच हात दिसले, कोपरापर्यंत पिवळे. आदल्या दिवशी नवरीला हळद तिनंच लावली होती. मग सगळा मांडव हसला आणि लग्न लागलं.

तुमचा,
विजयकुमार

ता. क. हसून झालं असेल तर कामाचं. माझ्याकडे लावायला एकही गड्डा उरलेला नाही आणि साहेब पुढच्या आठवड्यात येतायत. आई म्हणते, वाळलेली हळकुंडं संपली होती म्हणून एक टपोरा ओला गड्डा तिनं मामीच्या ओटीत घातला. दिलेली ओटी परत मागता येत नाही. म्हणून पत्र आणणाऱ्या हरिचंदच्या पिशवीत तेवढाच साधा गड्डा दिला आहे. मामी अंघोळीला गेली की लंगडत जाऊन बदला.

ता. क. २. सापडलात तर सांगा, वाणाचं नाव मी 'सोजरा' ठेवलंय. जगात आहे नाही तेवढी सगळी सोजरा आता मामीच्याच ओटीत आहे.

ता. क. ३. हे नाव आईला मात्र कळू देऊ नका. तिला मी तिचंच नाव, 'शालू', सांगितलंय. म्हणून तर तिनं हक्कानं कुटली.