बोलावून धरलेले मासे

बा, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तू असतास तरी हे वाचलं नसतंस, तुला अक्षर येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावं असं यात काही नाही. तरी लिहिते आहे. परवा नागभीडहून परतताना मुद्दाम आपल्या तलावाशी उतरले. दोन बायका मच्छरदाणीचं कापड धरून काठाकाठाने पाणी गाळत होत्या आणि नखाएवढं पिल्लूसुद्धा टोपलीत टाकत होत्या. त्यांना अडवावंसं वाटलं. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

तू मच्छीमार संस्थेच्या तलावाचा राखणदार. पोळ्याच्या आगेमागे सरकारी केंद्रातून बोटुकली यायची, म्हणजे बोटाएवढे रोहू नि कटला, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून. बाकीच्यांना पिशव्या फोडून मोकळं व्हायची घाई, आणि तू छातीभर पाण्यात उभा, पिशव्या तशाच तरंगत ठेवून. "थांबा ना गा. परक्या घरी आलेली पोरं हायेत. पहिले पाणी वळखू द्या त्यायले." मग रोज सकाळी कोंडा आणि पेंडीची ढेप कालवून न्यायचास, पायरीवर बसून रिकामा डबा वाजवायचास, आणि समोरचं पाणी भाताच्या आधणासारखं उकळायला लागायचं. तलावातले जुने मासे माणसाची सावली पडली की पळतात. ही टाक्यात वाढलेली पोरं सावलीकडे धावत येतात, तुझ्या बोटांतून खातात. मी तेव्हा भारी आगाऊ. म्हटलं, "बा, मोठे झाले का तूच त्यायले धरते ना? मंग एवढा लाड काऊन?" तू रागावला नाहीस. हात धुतलास आणि म्हणालास, "वाढले का धरू. ढिवर आहो आपण. पण जाळं तिकडून टाकू, त्यायले पळाची सोय आहे तिथी. बोलावून नाई धराचं." वीतभर झाल्याशिवाय धरायचं नाही हा संस्थेचा नियम होता. बोलावून धरायचं नाही हा तुझा एकट्याचा.

दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. तू संस्थेच्या कामाने चंद्रपूरला गेलेला, आणि मला पाहायला येणारे चिमूरकडचे पाहुणे एक दिवस आधीच दारात. माय मला आत ओढून म्हणाली, "ढिवराच्या घरी पावण्यायले वांग्याची भाजी वाढू का वं?" मी पलीकडच्या बाजूला तुझं जाळं दोनदा टाकून पाहिलं, दोन्हीदा रिकामं. मग मी तुझा डबा घेतला. मायच्या जुन्या लुगड्याची दोन टोकं पायरीवर दगडांनी दाबली, दोन हातात धरली, आणि डबा वाजवला. ते आले, बा. सगळे आले. माझ्याकडे कोंड्याचा कणही नव्हता. लुगडं वर उचललं तरी ते तोंडं उघडीत होते, आता मिळेल म्हणून. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी केलं. रस्सा झाला, पाहुण्यांनी बोटं चाटली, आणि पान उचलण्याआधी लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी तू परत येऊन डबा वाजवलास तर पाणी हललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने घरासमोरच्या पारावर संस्थेचे लोक जमले. कोणीतरी मला पायरीवर पाहिलं होतं, पण नाव घेतलं ते घराचं. "कुंपणानंच शेत खाल्लं," असं एक म्हातारा म्हणाला. मी आपल्या दारात उभी राहून ऐकते आहे, आणि तू खाली मान घालून सांगतो आहेस, "मीच धरले. पावने होते घरी." त्यांनी राखण काढून घेतली. घरी आल्यावर तू एवढंच बोललास, "भुकेपायी धरले असते तं मी काईच नसतो म्हनलो. पण तू डबा वाजवला, पोरी." त्यानंतर तू मासा खाल्ला नाहीस. माझ्या लग्नातही नाही. नव्या राखणदाराने खाऊ घालणं सोडलं, दोन वर्षांत वीतभराचा नियमही गेला, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तू. मला वाटायचं, तलाव राखायला संस्था आहे, सरकार आहे. कोणी नव्हतं. एक माणूस होता, आणि त्याला मीच उठवलं. आता तिथे काही परत येणार नाही, कितीही पिशव्या सोडल्या तरी.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, ते मला ठाऊक आहे. एकच राहिलं. सासूबाई अजून आल्यागेल्याला सांगतात, "सुनेच्या बापानं पोसलेले मासे आमच्यासाठी काढाले लावले, असा दिलदार मानूस." हे त्यांना त्या जेवणाच्या वेळी दाराआडून मीच सांगितलं होतं. मी ते कधी खोडलं नाही. त्या असं बोलल्या की मला बरं वाटतं, बा.