कोणी कोणाला काही सांगायचं नाही

४ मार्च, सोमवार. सकाळी.

ठरलं. आता बस झालं.

उठल्यापासून चहा हातात येईपर्यंत हिच्या सूचना चालू. टॉवेल पलंगावर टाकू नका. गोळी घ्या. पंखा बंद करा. बनियन उलटा घातलाय. पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे मी. स्वतःचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या शहराला मी स्टिअरिंग धरायला शिकवलं आणि मला बनियन घालता येत नाही?

संकल्प: व्यक्तिस्वातंत्र्यावर उभी असलेली स्वतंत्र वस्ती काढायची. शहराबाहेर. चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही, कमिटी नाही. नियम एकच. कोणी कोणाला काही सांगायचं नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, छान आहे, जाताना कचरा खाली न्या. नेला. पण हा शेवटचा.

दुपारी. केमिस्टची बायको गाडी शिकायला येते. क्लच न दाबता गिअर टाकला तिने. सवयीप्रमाणे फूटपट्टीने बोटांवर एक दिली. तिने पर्स उचलून माझ्या कानशिलावर हाणली. पर्समध्ये काय भरलं होतं देव जाणे, अजून कान गुणगुणतोय. मी सांगतो ते शिक्षण असतं, सूचना नव्हे. एवढा साधा फरक लोकांना कळत नाही.

६ मार्च, बुधवार.

संस्थापकांची पहिली बैठक. स्थळ, डेंटिस्टचं क्लिनिक. हजर: डेंटिस्ट, आमच्या तळमजल्यावरचा, आईच्या जाचाला कंटाळलेला. मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, जिम चालवतो, घरमालकाला कंटाळलेला. शिट्टीमास्तर, शाळेतले रिटायर्ड पी.टी. सर, सुनेला कंटाळलेले, शिट्टी अजून गळ्यात.

डेंटिस्टच्या काकांची कौलांची फॅक्टरी शहराबाहेर बंद पडून आहे. चार शेड, एक विहीर, मोठं मैदान, आणि न खपलेल्या कौलांच्या थप्प्याच थप्प्या. जागा तीच. नियमाला सगळ्यांनी मान डोलावली. मेव्हणा म्हणाला, भावोजी, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही शहाण्यासारखं बोललात.

नंतर किरकोळ प्रकार झाला. क्लिनिकमधली आडवी होणारी खुर्ची एकच. त्यात मेव्हणा बसला. मास्तरांनी शिट्टी फुंकून त्याला उठायला सांगितलं. मेव्हण्याने उठून मास्तरांचं डोकं चूळ भरायच्या बेसिनमध्ये घातलं. मास्तरांनी ड्रिलची वायर त्याच्या गळ्याभोवती आवळली. डेंटिस्ट सोडवायला गेला, त्याला कोपर बसलं आणि त्याचाच दात हलला. अशी जाज्वल्य माणसं मिळायला भाग्य लागतं.

१० मार्च, रविवार.

वस्तीचं नाव ठेवायला फॅक्टरीवर गेलो. मी पाटी रंगवून नेली होती: स्वच्छंद. उरलेल्या तिघांनीही आपापली पाटी आणलेली. फाटकाला खांब एक. प्रत्येकाला आपली पाटी लावायचं पूर्ण स्वातंत्र्य असल्यामुळे चौघांनी एकदमच हातोडे उगारले.

माझी पाटी मास्तरांच्या डोक्यावर फुटली, ती कोणी मारली ते मला दिसलं नाही. (मीच मारली. पण ते मुद्दाम नव्हतं.) मला नाकावर गुद्दा. नाक आता मावत नाही तोंडावर. डेंटिस्ट एरवी पेशंटशी किती गोड बोलतो, त्याने मेव्हण्याच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. दंतवैद्याचा चावा तो, व्यवस्थित सगळे दात उमटले.

शेवटी वस्तीला नाव नको असं ठरलं. हेच खरं स्वातंत्र्य. घरी हिने नाकाला बर्फ लावला. हलू नका म्हणाली. मी मुद्दाम हललो. फार दुखलं.

१७ मार्च, रविवार.

राहायला आलो. ड्रायव्हिंग स्कूल महिनाभर बंद. चार शेड, चार स्वतंत्र माणसं.

ही आली नाही. आधी बघीन, मग ठरवीन म्हणाली. पुढच्या रविवारी जेवण घेऊन येणार आहे. तेवढं पुरे. एकदा इथली हवा बघितली की परत जायचं नाव काढणार नाही ती. शेडचा कोपरा तिच्यासाठी झाडून घेतला. खिडकीच्या काचा पुसल्या. तिला उजेडात बसायला आवडतं, म्हणून खाट खिडकीशी ओढली. एक कपाट मिळालं, त्याचा दरवाजा लागत नाही, पण ती लावेल कसा तरी.

खरं सांगायचं तर तिच्याशिवाय ही वस्ती म्हणजे चार पुरुषांचं लॉज आहे. ती आली पाहिजे. तिने हो म्हटलं तर मी जिंकलो. नाही म्हटलं तर काय, याचा विचार केलेला नाही. करायची गरज नाही.

१८ मार्च, सोमवार.

नियमाची पहिली कसोटी. कौलं नीट करायला शिडीवर चढलो. वरून तिसरी पायरी कुजलेली. खाली आलो तो पाठीवरच. मेव्हणा बाजूला चहा पीत उभा होता. शांतपणे म्हणाला की पायरी गेलीय हे त्याला कालपासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही, असं मी ओरडलो. तर म्हणे, भावोजी, सांगायचं नाही ना?

क्षणभर त्याचा गळा धरावासा वाटला. धरलाही. त्याने माझे दोन्ही हात एका हाताने सोडवून मला पाण्याच्या टाकीत बसवलं. गार पाण्यात विचार केला तेव्हा कळलं, की पोरगा बरोबर आहे. तत्त्व माझ्यापेक्षा त्याला जास्त समजलं. वर येऊन त्याची पाठ थोपटली. माझी पाठ मात्र निळी पडलीय. उजव्या कुशीवर झोपता येत नाही.

२० मार्च, बुधवार.

संडासात गांधीलमाश्यांचं पोळं आहे. डेंटिस्टने काल पाहिलं होतं. नियमाप्रमाणे गप्प बसला. आज मास्तर आत गेले आणि सवयीने शिट्टी वाजवली.

बाहेर आले ते अंदाजाने धावत. डोळे दिसतच नव्हते. त्याही अवस्थेत त्यांनी बादलीने डेंटिस्टला असा बदडला की शिकवताना मुलांचं काय होत असेल याची कल्पना आली. डेंटिस्टचा हलणारा दात आता खिशात आहे.

संध्याकाळी. मेव्हण्याच्या खाटेचा पाय कोणीतरी अर्धा कापून ठेवला होता. मला माहीत होतं. सांगितलं नाही. तो धाडकन खाली आला तेव्हा मला जरा बरं वाटलं, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

२२ मार्च, शुक्रवार.

चुन्याने हद्दी आखल्या. प्रत्येकाचा मैदानात एक तुकडा. माझ्या तुकड्यातून विहिरीची वाट जाते, त्याला मी काय करू.

दुपारपासून कौलं फेकणं सुरू. पहिलं कोणी फेकलं यावर एकमत नाही. एक नवीन गोष्ट लक्षात आली: कौल फेकायचं स्वातंत्र्य एकाला आहे, तसं बाजूला व्हायचं दुसऱ्याला आहे. कोणावरच जबरदस्ती नाही. मेव्हण्याचा नेम वाईट, पण जोर भयंकर. मास्तरांचा नेम अचूक. माझा गुडघा फुटला. डेंटिस्ट चिंधी बांधून देतो, बांधताना मुद्दाम दाबतो.

हिचा फोन. सगळं ठीक ना, असं विचारलं. म्हटलं, उत्तम. रविवारी वाट बघतोय. ती म्हणाली की माझा आवाज बदललाय. ओठ सुजलाय, आवाज बदलणारच. हे तिला सांगितलं नाही.

२४ मार्च, रविवार. दुपारी.

ही अकराच्या सुमाराला रिक्षाने आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोठी पिशवी. आमची तोंडं एकेक करून बघितली. एवढंच म्हणाली, हात धुऊन बसा. आणि चौघंही हात धुऊन रांगेत बसलो. मेव्हणा, मास्तर, डेंटिस्ट, मी. कौलं खाली ठेवून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शेजारी शेजारी बसलो. मला वाटलं, आता जमलं.

मी तिला शेड दाखवायला घेऊन गेलो. खिडकी बघितली. खाटेवर बसून बघितली. हसली थोडी. कपाटाचा दरवाजा हाताने ढकलून बघितला आणि म्हणाली, बिजागरी बदलावी लागेल. म्हणजे राहणार. जी बाई बिजागरीचा विचार करते ती राहणारच. माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही मैदानात आलो तर मेव्हण्याचं आणि मास्तरांचं जुंपलेलं. कारण, मास्तरांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली. मेव्हण्याने थप्पीवरचं कौल उचललं. मास्तर खाली वाकले. कौल सुटलं. ही माझ्या पुढे चार पावलं, डबा आवरायला वाकत होती, मग उभी राहिली. कौल तिच्याच दिशेने येत होतं.

मला दिसलं. पूर्ण दिसलं. वीस वर्षं माझं काम काय आहे? शेजारी बसून वेळेवर ब्रेक म्हणणं. गाड्यांच्या गर्दीत मी आधीच ओरडलोय, एकही शिकाऊ कुठे धडकला नाही. "खाली बस" एवढेच शब्द लागत होते. तोंडात आले होते. पण डेंटिस्ट माझ्याकडे बघत होता. मास्तर जमिनीवरून बघत होते. मी संस्थापक. मीच जर सगळ्यांत आधी नियम मोडला तर

भुवईच्या वर बसलं.

संध्याकाळी.

मेव्हण्याने बहिणीला उचलून रिक्षात घातलं. रक्ताने त्याचा शर्ट भिजला होता. रिक्षा सुटायच्या आधी खाली उतरला, माझ्याकडे आला आणि माझ्या जबड्यात मारली. मी म्हणालो, कौल तू टाकलंस, मला का मारतोस. तर म्हणाला, मी बघून टाकलं नव्हतं भावोजी, तुम्ही बघत होतात.

भावनेच्या भरात बोलला. तत्त्व त्याला शांत झाल्यावर कळेल. मला तोंड उघडता येत नाहीये.

डेंटिस्टही रिक्षात बसून गेला, टाके घालायला मदत होईल म्हणून. मास्तर शिट्टी काढून फाटकावर ठेवून पायी निघून गेले. मला कोणीच चल म्हणालं नाही. बरोबर आहे. नियम आहे.

२५ मार्च, सोमवार.

वस्तीत पूर्ण स्वातंत्र्य. मी एकटाच. भांडायला कोणी नाही म्हणून चार कौलं भिंतीवर फोडली. एक उलटं येऊन घोट्याला लागलं.

हिची पिशवी राहिली होती. ती उघडली. दोन साड्या. टूथब्रश. खिडकीला पडदा, नवा, माप घेऊन शिवलेला. खिळे आणि छोटी हातोडी. तिला मापं कोणी दिली? मेव्हण्याकडून घेतली असणार. म्हणजे बघायला नाही, राहायलाच आली होती ती. मला कळवलं नव्हतं.

पडदा लावला. वाकडा लागला. दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो आणि मला रडू आलं. खूप रडलो. जबडा दुखत असल्यामुळे असेल.

२९ मार्च, शुक्रवार.

फोन करतोय. उचलत नाही. मेव्हण्याने उचलला एकदा, म्हणाला टाके सात पडलेत, डोळा वाचलाय, आणि इकडे आलात तर तुमच्या जबड्याची दुसरी बाजूही बघतो. मी सांगितलं, तिला म्हणावं मी संस्थापक म्हणून परिस्थितीने बांधलेलो होतो. फोन कट झाला होता.

रात्रभर विचार केला नाही. गाढ झोपलो. खरं तर झोपलो नाही.

संकल्प: घरी जायचं. माफी मागायची नाही, चर्चा करायची. ती बोलेल, रागावेल, भांडी आपटेल. मला चार शब्द ऐकवेल. मी ऐकून घेईन. मग सगळं सुरळीत.

३१ मार्च, रविवार.

सकाळी घरी आलो. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. भुवईवर पट्टी. डोळ्याखाली काळंनिळं. मी म्हणालो, कशी आहेस. ती आत गेली.

चपला दारात काढल्या, मधोमध. ती त्यांना वळसा घालून गेली. मळके कपडे सोफ्यावर टाकले. काही नाही. मीच परत उचलले. पेपर तीन दिवसांचा पडला होता, तो चाळत बसलो. मोठ्याने म्हणालो की पोटात काही नाही. काही नाही. मी म्हणालो, माझं चुकलं, मला त्या वेळी ओरडायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, नुसतीच. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं होतं.

मग स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, आपण चहा करू, तिलाही देऊ. ओट्यावर लोखंडी तवा होता. गॅस बंद. मला वाटलं, रिकामा आहे, बाजूला ठेवू. ती दोन हातांवर उभी होती. मी हात पुढे केला ते तिने बघितलं. तवा नुकताच उतरवलेला, हे तिला माहीत होतं. मी कान लावला होता. खरंच, हात जाता जाता ती काही म्हणते का म्हणून मी कान लावला होता.

ती काही म्हणाली नाही. मी उजव्या हाताने पूर्ण धरला.

नळाखाली बराच वेळ उभा राहिलो. ती पोळ्या डब्यात भरून आत गेली. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर नीट येत नाहीये.