रंजिताच्या बरणीतलं पाणी

मी, रजत अण्णाजी काळबांडे, वय तेवीस, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं लिहीत आहे. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. ते गरम आहे ही वेगळी गोष्ट. कायद्याची त्याला आडकाठी नसावी.

१. मोटारसायकल मोठा भाऊ वैभव याला. आजवर न विचारता नेली, आता हक्कानं न्यावी. चेनला तेल घालावं.

२. बी.एस्सी. अर्धवट सोडली म्हणून बाबा अजून बोलतात. बेडूक न दाखवता बेडकाची आकृती उतरवायला लावणाऱ्या सरांच्या टेबलावर मी वही आपटली आणि परत गेलो नाही. माझ्या माघारी कोणीही माफी मागू नये.

३. सूक्ष्मदर्शक, भिंगं आणि काचपट्ट्या शेजारच्या बंडूजींच्या भाजीच्या शेडमध्ये आहेत. त्यांची मुलगी आचल आणि आणखी काही मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. त्यांना जीवशास्त्र मी आणि रंजिता उमाटे शिकवत होतो. सामान या मुलांचं. बाबा, विकायचं नाही. आमचा नियमही त्यांनी पाळावा: जे धरलं ते नीट पाहावं, आणि जिथून आणलं तिथंच सोडावं. गोगलगाय असली तरी.

४. रंजिताशी मी लग्न करणार होतो. ती हो म्हणाली होती. घरी सांगायचं राहिलं. मागच्या पावसाळ्यात तळ्याकाठच्या गवतात तिला बारीकसा किडा चावला आणि त्यानं आलेल्या तापात ती गेली. तेरवीला तिची आई शालूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुह्या डबक्यानं खाल्ली माही पोरगी. इथं काऊन उभा राह्यला?"

जाण्याआधी तिनं एक बरणी लावली होती. वाळलं गवत उकळून गार केलेलं पाणी, त्यात तळ्याचा थेंब. त्यात पॅरामेशियम नावाचे एकपेशी जीव वाढतात, चपलेच्या आकाराचे, सारखे पळणारे. पाणी जुनं झालं की त्यातलं चमचाभर नव्या काढ्यात टाकायचं. ते मी कधी चुकवलं नाही. एकदा आचलनं विचारलं, "दादा, याच्यातलं ताईनं पाह्यलेलं कोणतं?" मी सांगितलं, एकाचे दोन होतात, जुना मागे उरत नाही. "मंग सगळेच तिनं पाह्यलेले," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मुलं रंजिताची चटई अंथरतात. लहान पियुष रिकाम्या चटईला म्हणतो, "ताई, उजेडात नोको बसू," आणि भिंगाखाली खरंच उजळतं. डास अंडी घालतील म्हणून मी बरणीचं झाकण नीट बसवून जातो. सकाळी ते तिरपं असतं, ती ठेवायची तसं. मी विज्ञान शिकवतो. तरी ते सरळ करण्याआधी एकदा चटईकडे पाहतो.

५. मी परतलो नाही तर बरणीतलं पाणी तळ्यात, तिनं थेंब घेतला त्याच जागी ओतावं. *(हे कलम खोडलं आहे.)*

खोडण्याचं कारण: साक्षीसाठी बंडूजी मला न सांगता शालूबाईंनाच घेऊन आले. मी पाचवं कलम वाचून दाखवताना त्यांनी मला थांबवलं. "दाखव मले." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या.

"हे पळून राह्यलं, हे तिचं?"

"तिचंच, काकू."

"तिनं लावलं, अन् तू ओतून देतं? लाज नाई वाटत?"

मी नियम सांगितला.

"नियम पोरायले सांगजो. मले काढा कसा उकळाचा थे सांग."

कलमावर रेघ त्यांनीच मारली आणि शेजारी सही केली.

५ (नवीन). बरणी शालूबाई चंद्रभान उमाटे यांना. गवत मूठभर घ्यावं. काढा पूर्ण गार होऊ द्यावा. गरम पाण्यात एकही वाचणार नाही. झाकण तिरपं ठेवावं. विसरलात तरी काळजी नको, सकाळी ते तिरपं झालेलं असेल.

ज्याला मिळतं त्यानं साक्ष करू नये म्हणतात, म्हणून शालूबाईंच्या जागी बंडूजींच्या पत्नी शोभाबाईंची सही घेतली. दोघा साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं. चटई अंथरलेली होती.

साक्षीदार: १. बंडूजी निंभोरकर २. शोभाबाई निंभोरकर

सही: रजत अण्णाजी काळबांडे

तळेगाव (श्यामजी पंत), दि. ६ फेब्रुवारी २०२६