चंदी तुमच्याच पातळात बसते

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन महिना झाला. पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण आज तुमच्या चंदीनं माझा हात बोचकारला. ही तक्रार दुसऱ्या कोणाकडे करू?

तुमची म्हणते, कारण सारं घर तसंच म्हणतं. दूध मी घालायची, अन् मांजर पिऊन चालली तुमच्या मांडीवर! वरून तुम्ही हसायच्या, "अवं धाकटे, दूध पाजलं म्हणजे मांजर तुही झाली काय?" तुम्ही थोरल्या जाऊबाई, म्हणून मी ऐकून घ्यायची. पण जळायची हो, अक्का.

परवा तिचा डावा डोळा चिपडांनी चिकटला. पुसून पाहिलं तर कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आलेला. मला वाटलं, तुमच्यासारखा मोतीबिंदू! तुमच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब मी ठेवलेच होते; फेकवतं का माझ्याच्यानं? तीच बाटली घेऊन मोताळ्याला जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाचं औषध टाकून बॅटरीनं पाहिलं. "काकू, मोतीबिंदू नाही हा. बुब्बुळावर जखम आहे, म्हणून मांजराची आतली पापणी अशी पडद्यासारखी वर आली. ह्या ऑपरेशनच्या थेंबांत स्टेरॉइड आहे; टाकले असते तर जखम वाढून डोळाच गेला असता!" तिथंच मी बालाजीचा धावा केला.

नवे थेंब दिवसातून चारदा. पण धरू देईल तर शपथ! टॉवेलात गुंडाळली, तर टॉवेल फाडला. शेवटी तुमचे दीर म्हणाले, "तिले काऊन दाबून राह्यली? वहिनीचं पातळ आन."

तुमचे कपडे वाटून टाकले, तेव्हा ते एकच न धुता पेटीत मागं राहिलं होतं. त्यात गुंडाळलं अन् बया मुकाट पडली. घुरघुरायलाही लागली! औषध माझ्या हातचं अन् लाड तुमचे?

मी नंतर त्या पातळाला नाक लावून पाहिलं. मला नुसता पेटीचा वास आला. तिला तुम्ही अजून सापडता, मला का नाही? सारा जन्म एका चुलीशी काढला ना आपण? म्हणूनच आज रागानं पातळाविना धरायला गेले, अन् ओरबाडून घेतलं.

डोळा अजून हातचा गेलेला नाही. थेंब मात्र चुकायला नकोत. म्हणून शब्द देते. उद्या पूजा आटोपली की तुमचं पातळ मीच नेसणार. पारोसं तर पारोसं, पुन्हा आंघोळ करीन. मला तुम्ही समजून मांडीवर आली तरी येऊ दे. बरी झाली की दोन्ही डोळ्यांनी नीट पाहील, मांडी कोणाची आहे ते!

तुमच्यावर अजून रुसलेली,
तुमची धाकटी, सुमन